उलटं पातं

रिजवाननं टेम्पो मागे घेत घेत भट्टीच्या छपरापर्यंत आणला, फाळका पाडला, आणि वळून पाहिलं तर भट्टी पेटलेली होती.

दिवाळीपासून ती जवळजवळ थंडच होती. गेल्या आठवड्यात एकदा पेटली, तेव्हा काय झालं ते त्याला फोनवर कळलं होतं. त्यानंतर ती पुन्हा पेटेल असं शिरूरहून निघताना त्याला वाटलं नव्हतं. न्हावऱ्यापासून पारगावच्या पुलापर्यंत तो एकाच गोष्टीचा विचार करत आला होता: ऐरण उचलायला राहू गावात आज माणसं कुठली मिळतील.

"टेम्पो तिकडं लाव," रहीम बाजेवरून म्हणाला. "धूर लागंल."

"अब्बा, ऐरण न्ह्यायची ठरली व्हती ना?"

"ठरली व्हती. आता थांबायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

रहीमनं हनुवटीनं भट्टीकडं दाखवलं. थोरला भाऊ नौशाद पाठमोरा बसून कोळसे सारखे करत होता. उजव्या हातात सळई होती. डावा हात गुडघ्यावर होता, पालथा, म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही हे चटकन दिसत नव्हतं.

"सकाळी म्हणला, आजचा दिवस थांबा. नवी सांडशी करतो. झाली आन् तिच्यात माल टिकला तर ऐरण हितंच ऱ्हाईल. न्हाई टिकला तर रिजवानला न्हेऊ द्या, मी कुरकुंभला वॉचमनकीला जातो." रहीमनं घसा साफ केला. "मी व्हय म्हणलोय."

"आन् मी?" रहीमच्या शेजारी बसलेली चांदबी म्हणाली. ती रहीमची थोरली बहीण, दौंडहून सकाळच्या एसटीनं आली होती. "मी येवढी ऐरणीला निरोप द्यायला आले, आन् हितं बघते तर ऐरण बसलीय नवरीवानी."

चांदबीनं पानाचा डबा उघडला. "माझं म्हणशील तर रिजवानचं बरोबर हाय. पोराची तीन बोटं ऱ्हायलीत, ती तरी ऱ्हाऊ द्या."

"फुफी," नौशाद मागे न वळता म्हणाला, "तीन बोटांनी तुझा डबाबी उघडता येतो. दे हिकडं."

"तंबाखू खाऊन काम करतोय व्हय रे?" असं म्हणत तिनं डबा पुढे केला. त्यानं तो उघडून दाखवला आणि काही न घेता परत दिला.

या घरात सांडशी नुसतं हत्यार नव्हतं. पोरगा बापाच्या सांडशीनं माल धरतो तोवर तो मदतीला असतो. ज्या दिवशी तो स्वतःची सांडशी करतो, त्या दिवशी बाप ऐरणीवरून उठून भात्यापाशी बसतो. ती करताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फक्त एकच मदत चालते: नव्या सांडशीचं प्रत्येक पातं खिळ्यावरच्या जुन्या सांडशीच्या पात्यावर ठेवून मापायचं. रहीमचे अब्बा दादामियाँ, त्यांच्या सांडशीवर रहीमची मापली गेली, रहीमच्या सांडशीवर नौशादची. रिजवानची कधी झालीच नाही.

नौशादची पहिली सांडशी अजून खिळ्याला होती. हाताची पट्टी सुटल्यावर, गेल्या आठवड्यात, त्यानं तीच धरली होती. घाव बसला आणि लाल तुकडा जबड्यातून तिरपा निसटून उंबऱ्यापाशी पडला.

ओट्यावर शिलाई मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोला, फरहतला, तो उंबरा इथूनही दिसत होता. दगडावर काळा डाग होता. त्यांची लेक अल्फिया रोज तिथंच भातुकली मांडायची. त्या दिवशी ती नेमकी पाणी प्यायला आत आली होती. फरहतनं नवऱ्याला काही म्हटलं नाही. संध्याकाळी ती साहेबरावच्या एसटीडी बूथवर गेली आणि दिराला म्हणाली, "ऐरण घेऊन जावा. ती समोर हाय तोवर ह्ये थांबायचे न्हाईत. मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका."

रिजवाननं सांगितलं नव्हतं. आता रहीम त्याच्याकडं पाहत होता, आणि त्या पाहण्याचा अर्थ फरहतला ओट्यावरूनही कळत होता.

"ग्रिलच्या दुकानात ऐरण कशाला लागती रं तुला?" रहीम म्हणाला. "वेल्डिंगवाल्याला ऐरण म्हंजी दारात हत्ती."

"लागती कधीमधी."

"भाऊ घायाळ झाला आन् तुला ऐरण आठवली."

रिजवाननं एकदाच ओट्याकडं पाहिलं. फरहतनं मान खाली घालून सुई ओवली. "लागती म्हणलं ना अब्बा," तो म्हणाला, आणि टेम्पो बाजूला लावायला गेला.

लोहाराला सांडशीशिवाय काही करता येत नाही, पण सांडशी मात्र सांडशीशिवाय करता येते. लांब गज घ्यायचा, त्याचं एक टोक तापवायचं आणि थंड टोक हातात धरायचं. आकार झाला की तेवढा भाग तोडायचा. नौशादनं सकाळी मनाशी हाच हिशेब केला असावा, कारण त्याच्यापाशी एकच गज होता, आणि त्याच्यात बरोबर दोन पाती निघणार होती.

टोक पिवळं झालं. त्यानं गज डाव्या बगलेत दाबला, अंगठा आणि दोन बोटं पुढं लावली, आणि ऐरणीच्या काठावर पहिला घाव घातला. काठामुळे गजाला पायरी पडली. पुढचा भाग चपटा होऊ लागला, तो जबडा. नंतर गज पाव वळसा फिरवून दुसरी पायरी, तिथं सांध्याचा चपटा भाग. भाता ओढायला रहीम उठला होता. त्याला तेवढीच परवानगी होती.

गावातले शेतकरी मारुतराव आले तेव्हा सांध्याचा भाग तयार होत होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली कुळवाची पास, म्हणजे त्याचं लांब लोखंडी पातं होतं. ती त्यांनी आवाज न करता भिंतीला टेकवली. दिवाळीत त्यांच्याच गोठ्यात कडबाकुट्टीचं अडकलेलं पातं सोडवायला नौशाद गेला होता. लाईट गेलेली होती, बटण बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि नौशादचा हात आत असताना लाईट आली होती. तेव्हापासून मारुतराव कडबा कोयत्यानं तोडत होते.

"आप्पा, पास कशाला आणली?" रहीम म्हणाला. "चौफुल्याला न्ह्यायची ना."

"चौफुल्याच्या माणसाला माझं रान म्हाईत न्हाई, रहीमभाई," मारुतराव म्हणाले आणि बाजेच्या कडेला बसले. "कुरकुंभचं मी बोलून ठेवलंय. साहेब म्हणला, एक तारखेपासनं या. पण घाई न्हाई."

"बघा," चांदबी म्हणाली. "पंख्याखाली बसायचं, शिट्टी वाजवायची. ह्याच्यापरीस काय वाईट?"

"मला शिट्टी वाजवता येत न्हाई फुफी," नौशाद म्हणाला.

त्यानं छिन्नीवर गज ठेवून पहिलं पातं तोडलं, पाण्यात विझवलं आणि बापाकडं दिलं. रहीमनं खिळ्यावरची स्वतःची सांडशी काढली, उघडली आणि नवं पातं तिच्या पात्यावर ठेवलं. मग उचलून पालथं केलं. पुन्हा ठेवलं.

रिजवानला लांबूनच दिसलं. लहानपणी रहीमची सांडशी उघडमीट करून त्यानं हे कितीदा पाहिलं होतं. सांडशीची दोन्ही पाती एकसारखी असावी लागतात. आरशातल्यासारखी नव्हे, तंतोतंत एकसारखी. एक सरळ ठेवायचं आणि तसंच दुसरं त्याच्यावर पालथं घालायचं, तरच ती एकमेकांत बसतात. नौशादच्या पात्याचा सांधा जुन्याच्या विरुद्ध बाजूला गेला होता.

"उलटं झालं भाईजान," तो म्हणाला. म्हणताना त्याला बरं वाटलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

नौशादनं डाव्या हाताकडं पाहिलं. "वळसा आपल्याकडं द्यायचा व्हता," तो म्हणाला. "मनगट तिकडं जातच न्हाई. गज बगलेत धरला की बाहेरच फिरतंय."

"म्हंजी दुसरंबी तसंच व्हणार," रहीम म्हणाला.

"व्हय."

रहीमनं भात्याची दोरी सोडली. मारुतराव गोणपाटाची गाठ उगाच घट्ट करू लागले.

"मी रॉड आणून देतो केडगावातनं," रिजवान म्हणाला.

रहीमनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "तू?"

"टेम्पो हाय, जाऊन येतो. त्यात काय."

"रॉडचा प्रश्न न्हाई," नौशाद म्हणाला. "मनगटाचा हाय." आणि हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला.

फरहतनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. आठवडाभर तिला हेच हवं होतं: त्यानं हातोडा खाली ठेवावा. आता त्यानं तो ठेवला होता, आणि तिला त्याच्या खांद्यांकडं बघवेना. दवाखान्यातून आणला त्या दिवशीही ते असे पडले नव्हते. ती ओट्यावरून उतरली. भट्टीपाशी बायकांनी जायचं नाही असा काही नियम नव्हता, पण ती कधी गेली नव्हती.

"अब्बा, मला कळत न्हाई म्हणून इचारते," ती म्हणाली. "दुसरंबी उलटंच व्हणार ना?"

"व्हय."

"मग दोन्ही उलटी एकसारखी झाली की न्हाई? ती एकमेकांत बसणार न्हाईत का?"

रहीमनं नवं पातं पुन्हा जुन्यावर ठेवून पाहिलं. "जुन्या मापाला बसायची न्हाईत."

"जुन्या मापाला बसून काय करायचंय? धरायचं तर नव्या सांडशीनं हाय."

चांदबीनं पान चघळायचं थांबवलं. "रहीम," ती म्हणाली, "सून सरळ बोलतीय, आन् तू भात्यावर झोपलायस. वढ."

रहीमनं दोरी ओढली.

दुसरं पातं पहिल्यापेक्षा चांगलं झालं. वळसा कुठं जाणार हे आता माहीत होतं, त्यामुळे मनगटाशी भांडण नव्हतं. दोन्ही पात्यांच्या दांड्या त्यानं नेहमीपेक्षा लांब आणि बारीक ओढल्या, आणि त्या इतक्या जवळ आणल्या की तीन बोटांच्या मुठीत मावाव्यात. दांड्यांवर सरकवायला एक कडी केली. मूठ थकली की कडी पुढं सारायची, म्हणजे जबडा मिटलेला राहील. भोकं पाडली, रिव्हेट तापवून ठोकला. मग सबंध सांडशी पुन्हा लाल केली आणि पाण्यात बुडवून उघडमीट, उघडमीट करत राहिला, सांधा जाम होऊ नये म्हणून. पाण्यातून बुडबुड्यांसारखा टकटक आवाज येत होता. तो थांबला तेव्हा सावली छपराच्या पुढे निघून गेली होती.

"आप्पा, पास द्या," नौशाद म्हणाला.

"आज कशाला? उद्या बघू की." मारुतरावांचा आवाज बारीक झाला. "आधी लहान कायतरी..."

"द्या."

फरहतनं अल्फियाला उचलून ओट्यावर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढं उभी राहिली. पास लांब आणि जड होती. एक टोक पेटून उठलं. नौशादनं नवी सांडशी लावली, कडी सारली, आणि पास ऐरणीवर आणली. पहिला घाव त्यानं हलका घातला. मग दुसरा. रिजवान जबड्याकडं पाहत होता. इथं, तिसऱ्या-चौथ्या घावाला, माल थोडा तिरका होतो आणि मनगटानं तो परत ओढावा लागतो, हे त्याला माहीत होतं. चौथा घाव पडला, पाचवा पडला. पास जिथल्या तिथं होती.

"कडीमुळं," रहीम म्हणाला.

नौशादनं कडी मागं सारली आणि नुसत्या तीन बोटांनी धरून घाव घालू लागला. तरीही पास हलली नाही. धार निघत गेली, ठिणग्या पडत गेल्या. शेवटी त्यानं पास पाण्यात घातली, तेव्हा वाफेत त्याचं तोंड दिसेना. फरहतला वाटलं तो रडतोय. वाफ गेली तर तो हसत होता.

"टिकलं की!" मारुतराव उठून उभे राहिले आणि काय करावं न कळून पुन्हा बसले. "टिकलं रे बाबा!"

"आप्पा, आता तरी कडबाकुट्टी चालू करा," नौशाद म्हणाला. "बैल उपाशी मारताय माझ्या नावानं."

रहीम मात्र भात्यावरून उठला नव्हता. त्यानं सांडशी मागून घेतली, डाव्या हातात धरली, एक थंड तुकडा जबड्यात पकडून हिसके दिले. मग स्वतःची जुनी सांडशी घेऊन तेच केलं. पुन्हा नवी.

"ही घट्ट कशी?" तो म्हणाला. "सांधा तर कच्चा हाय. माझी चाळीस वर्सं घासलेली, तरी तुकडा फिरतोय. ह्या पोराच्या तीन बोटांत फिरंना."

फरहतनं दोन्ही सांडशा शेजारी ठेवल्या. तिनं त्या लोहाराच्या नजरेनं पाहिल्याच नाहीत. तिनं दांड्या मुठीत धरून मिटल्या, उघडल्या, आणि ओट्यावर जाऊन कात्री घेऊन आली.

"ही डाव्या हातात धरून कापडाला लावा," ती रिजवानला म्हणाली. "बघा काय व्हतंय."

रिजवाननं चिंधीवर कात्री चालवली. चिंधी कापली गेली नाही, पात्यांच्या मधे मुडपली.

"कात्री उजव्या हाताची असती," ती म्हणाली. "मूठ दाबली की पाती एकमेकांवर घट्ट बसत्यात. डाव्या हातात तीच मूठ त्यांना फाकवती. तुमची जुनी सांडशी तशीच हाय. उजव्या हाताची. आन् तुम्ही समदे धरता डाव्या हातात."

"उजव्या हाताची कशी असंल?" रहीम म्हणाला. "उजव्या हातात हातोडा असतो. सांडशी डाव्यातच धरायची. अब्बाच्या मापाची हाय ती."

चांदबी एकदम हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मारुतरावांनी तांब्या पुढे केला, तो तिनं हातानं बाजूला सारला.

"अरे येड्या, अब्बा डावरा व्हता ना! जेवायचा उजव्यानं, पण हातोडा डाव्या हातात. भात्यावर मीच बसायचे की. ठिणग्या माझ्या अंगावर यायच्या म्हणून अम्मी भांडायची त्याच्याशी."

"त्ये म्हाईत हाय मला," रहीम म्हणाला.

"म्हाईत हाय तर मग सांडशी कुठल्या हातात धरत आसंल त्यो?"

रहीमनं जुनी सांडशी हळूच उजव्या हातात घेतली. तुकडा जबड्यात पकडला. हिसका दिला. तुकडा हलला नाही.

दादामियाँनी आपल्या हातासाठी एक चांगली सांडशी केली होती. मुलानं ती मापून घेतली, नातवानं मुलाची मापून घेतली, प्रत्येकानं अगदी काळजीपूर्वक. आणि प्रत्येकानं ती दुसऱ्या हातात धरली. पाच बोटांच्या जोरावर ती चूक झाकली गेली होती.

"अब्बा मला म्हणायचा, तुझी पकड ढिली हाय," रहीम शेवटी म्हणाला. "मरंपर्यंत म्हणत व्हता. मी रोज रात्री वाळूचं पोतं उचलायचो, मनगटात जोर यावा म्हणून. चांदबीआपा, तुला आठवतं?"

"आठवतं."

"ढिली नव्हती ना?"

"न्हाई रे," चांदबी म्हणाली. "कधीच नव्हती."

रहीमनं तोंडावरून हात फिरवला. काजळीचा पट्टा कपाळापासून दाढीपर्यंत उतरला. तो हसला, आणि बाजेवर मांडी घालून असा बसला की जणू कुणीतरी त्याच्या पाठीवरचं ओझं नुकतंच उतरवून घेतलं होतं. मग त्याची नजर रिजवानवर गेली, आणि हसणं थांबलं.

रिजवान तिथं उभा राहून चिंधीच्या घड्या घालत होता. सोळाव्या वर्षी याच ऐरणीपुढं, याच शब्दांत, बापानं त्याला तेच सांगितलं होतं. सहा महिने सांगितलं होतं. एक दिवस तो शिरूरच्या एसटीत बसला तो वेल्डिंग शिकूनच परत आला. तिथं माल धरायला शिकंजा असतो, कुणाची पकड कुणी बघत नाही. आता रांजणगावच्या शेडची ग्रिलं त्याच्याकडं यायची आणि त्याचं बरं चाललं होतं. तरी दुकानात एका कोपऱ्यात त्यानं भट्टीपुरती जागा मोकळी ठेवली होती, आणि कशासाठी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"रिजवानभाईंना काय म्हणू नका, अब्बा," फरहत म्हणाली. "ऐरण मागायला ते आपणहून आलेच न्हाईत. मीच बोलावलं व्हतं. एसटीडीवरनं."

रिजवान दचकला. "भाभी, कशाला आता..."

"मला म्हाईत हाय," नौशाद म्हणाला. तो पाशीची धार अंगठ्यानं तपासत होता. "साहेबराव त्याच दिवशी सांगून गेला. म्हणला, वहिनी लई वेळ बोलत व्हत्या, काय बरंवाईट न्हाई ना?"

"आन् तुम्ही गप ऱ्हायलात?"

"मग काय करू? तुझं खोटं नव्हतं. तुकडा उडालाच व्हता." त्यानं पास मारुतरावांकडं दिली. "म्हणून तर म्हणलं, रिजवान यायच्या आत भट्टी पेटवू."

फरहतनं पदरानं त्याच्या कोपराजवळची राख झटकली. ती खूप थोडी होती, पण ती बराच वेळ झटकत राहिली.

रहीम उठला. भट्टीतला एक उरलेला तुकडा सळईनं निखाऱ्यात ढकलला आणि भात्यापाशी जाऊन बसला.

"नौशाद, तुझी सांडशी दे त्याला."

"बापाची सोडून दुसऱ्याची सांडशी धरायची नसती, अब्बा," रिजवान म्हणाला.

"आपल्या घरातल्या रीती किती बरोबर व्हत्या त्ये आज बघितलं. धर."

तुकडा लाल झाला. रिजवाननं सांडशी डाव्या हातात घेतली. दांड्या त्याच्या मुठीला बारीक होत्या, तरी त्यानं तुकडा ऐरणीवर आणला आणि घाव घातला. तिसरा घाव. चौथा. मनगट सवयीनं आधीच ओढ घ्यायला निघालं होतं, पण ओढायला काही नव्हतं. तुकडा तिथंच होता. तो घाव घालत राहिला. तुकड्याचं काय करायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं. तो नुसताच चपटा आणि लांब होत गेला, आणि काळा पडला तेव्हा कुठं रिजवान थांबला.

रहीमनं भाता थांबवला. "पकड चांगली हाय तुझी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पहिल्यापासनं असणार."

"असंल," रिजवान म्हणाला. चपटा तुकडा बाजूला ठेवून त्यानं पुन्हा म्हटलं, "असंल, अब्बा." सांडशी नौशादला परत देताना तो म्हणाला, "रविवारी गज घेऊन येतो. माझीबी करायचीय. मापाला हीच दे."

"बघ बाबा," नौशाद म्हणाला, "माझ्या मापाची केलीस तर तुला दोन बोटं जास्त व्हतील."

मारुतराव इतक्या जोरात हसले की ओट्यावरची अल्फियाही काही न कळता हसू लागली.

टेम्पोचा फाळका लावेपर्यंत दुपार कलल्यावरची, असरची अजान झाली. रहीम नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला गेला. चांदबीनं आपली पिशवी उचलली आणि सरळ ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसली.

"फुफी, मी शिरूरला चाललोय. दौंड हिकडं ऱ्हायलं."

"तुला ऐरण न्ह्यायची व्हती ना? ती मिळाली न्हाई, मला न्हे. चार दिवस तुझ्याकडं ऱ्हाते," ती म्हणाली. "वजनाला मी तिच्यापेक्षा हलकीच हाय. आन् तुझ्या दुकानात कुठल्या कोपऱ्यात भट्टी बसंल, त्ये मला बघायचंय."

रिजवान गाडी चालू करता करता थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाह्यजे?" चांदबीनं दार ओढून घेतलं. "चल आता. पूल ओलांडायच्या आत मला चहा पाज."